जड पाणी (बीड शहर)

कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले, साबणाला फेस येऊ न देणारे आणि तापवल्यावर भांड्याला पांढरा थर धरणारे पाणी. पाठ्यपुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. बीडच्या घरांत ‘पाण्याला क्षार आहे’ एवढे म्हटले की पुरते.

बीड शहर सिंदफणेला मिळणाऱ्या बिंदुसरा नदीच्या काठी वसले आहे. नगरपालिकेचे पाणी मुख्यतः माजलगाव धरणातून आणि पालीजवळच्या बिंदुसरा प्रकल्पातून येते. धरणात साठलेले हे पाणी बरेचसे पावसाचे असते आणि खडकाच्या सहवासात ते फार काळ राहिलेले नसते. त्यामुळे बोअरच्या पाण्याच्या मानाने ते सहसा हलके असते. पण नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते. मधल्या दिवसांत घर चालते ते अंगणातल्या किंवा सोसायटीच्या बोअरवर, नाहीतर टँकरवर, आणि टँकरही बहुधा कुठल्यातरी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो. गच्चीवरच्या टाकीत हे सगळे पाणी एकत्र होते. म्हणून एखाद्या घरातील पाणी किती जड, हे तिथल्या जमिनीइतकेच नळाच्या पाळीवरही ठरते. पाळी लांबली की टाकीत बोअरचा वाटा वाढतो आणि महिन्याभरात तोट्यांवर पांढरी कडा दिसू लागते.

भूजलावर जगण्याची सवय शहराला जुनी आहे. निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने शहराच्या दक्षिणेला बांधलेली खजाना विहीर जमिनीखालच्या बोगद्यांनी पाणी वाहून नेते. मात्र ते उथळ, दरवर्षी नव्याने भरणारे पाणी आहे. आज लोक कित्येक शे फूट खाली जातात. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. मराठवाड्यात ही मर्यादा ओलांडलेली बोअर शोधावी लागत नाही.

जडपणाचे मूळ खडकात आहे. जिल्हा जवळजवळ सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे काळ्या पाषाणावर उभा आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी बेसाल्टमधील खनिजांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेते. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे आणि खडकाच्या पोकळ्यांतील कॅल्साइटचे स्फटिक हे त्याच क्षाराचे साठे. पाणी जितके खोल आणि जितके जुने, तितका त्याला खडकाचा सहवास अधिक. शेजारशेजारच्या दोन बोअरना वेगवेगळ्या भेगांतून पाणी येत असेल तर एकाचे पाणी गोडे आणि दुसऱ्याचे मचूळ निघू शकते. वर्षाला सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस आणि अधूनमधून कोरडे जाणारे वर्ष, यामुळे खालचे पाणी पुरेसे पातळ होत नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. घरातील वस्तूंचे नुकसान मात्र या दोन आकड्यांच्या मध्येच सुरू होते, त्यामुळे ‘पाणी पिण्यायोग्य’ एवढ्या अहवालावर गीझर घेणाऱ्याने समाधान मानू नये.

घरावरील परिणाम उष्णतेपाशी सर्वांत ठळक दिसतात. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट विघटते आणि न विरघळणारे कार्बोनेट मागे राहते. हा जडपणाचा उकळल्याने जाणारा भाग. सल्फेट व क्लोराइड यांच्यामुळे आलेला भाग उकळूनही जात नाही. लिटरला ३०० मिलिग्रॅम असा उकळीने जाणारा जडपणा असलेले पाणी रोज दहा लिटर नीट उकळले, तर वर्षाला किलोभर दगड तयार होतो. तांब्याच्या बंबात तो नळकांड्याला पाण्याच्या बाजूने बसतो. हा थर तांब्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही उष्णता पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे जळणाची धग पाण्याला न लागता वर निघून जाते आणि तेवढ्याच बादल्यांना अधिक लाकूड लागते. विजेच्या गीझरमध्ये वेगळेच घडते. कॉईल पाण्यात बुडालेली असल्याने उष्णता अखेर पाण्यालाच मिळते, पण थराखाली कॉईल स्वतः फार तापते आणि जळते. दुरुस्तीला काढलेली अशी कॉईल मनगटाएवढी जाड झालेली असते. टोचले की पांढरे पापुद्रे सुटतात, आत तांबूस-काळी पडलेली नळी दिसते. उन्हाळ्यात कूलरच्या गवताच्या जाळ्या ताठ होतात, कारण पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच राहतो. शॉवरची भोके बुजतात, सौर बंबाच्या नळ्या चोंदतात.

धुण्यातील नुकसान डोळ्यांना कमी दिसते, पण पैशात मोठे आहे. साबण आधी कॅल्शियमशी संयोग पावून चिकट साका बनतो आणि कॅल्शियम संपल्यावरच फेस धरतो. ४०० जडपणाच्या वीस लिटर पाण्यातील सगळा जडपणा साबणानेच मारायचा म्हटले, तर हिशेबाने सुमारे पन्नास ग्रॅम साबण फेसापूर्वीच खर्ची पडतो. पांढरे कपडे मळकट दिसतात, केस राठ होतात, न्हाणीघराच्या फरशीवर चिकट पापुद्रा बसतो. धुण्याच्या पावडरींत जडपणा सोसण्याची तजवीज असते, म्हणून कपड्यांसाठी त्या साबणवडीपेक्षा बऱ्या.

स्वयंपाकात तुरीची डाळ आणि हरभरा लवकर शिजत नाहीत, कारण कॅल्शियम दाण्यातील पेक्टिनला घट्ट करते. चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची रीत त्यावरच आहे, मात्र त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. बरीच घरे डाळीसाठी जारचे पाणी वेगळे ठेवतात. हा मार्ग अधिक चांगला.

आरोग्याबाबत भीती आहे तेवढा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याचे खापर सर्रास बोअरच्या पाण्यावर फोडले जाते, पण हा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. कडक उन्हाच्या मुलखात पाणी कमी पिणे हे त्याचे पक्के कारण आहे. खरी काळजी करावी ती नायट्रेट आणि फ्लोराइड यांची. त्यांचा साबणाच्या फेसाशी काही संबंध नाही, ते प्रयोगशाळेतच कळतात.

तपासणी प्रयोगशाळेत ईडीटीए घालून करतात. लालसर पाणी निळे झाले की मोजणी संपते. पेनसारख्या टीडीएस मीटरवर एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो, जडपणा वेगळा कळत नाही. विक्रेते घरोघर येऊन पाण्यात विजेच्या सळ्या बुडवून ते तपकिरी करून दाखवतात, तो प्रकार फसवा आहे. लोखंडाची सळई विरघळल्याने रंग येतो, आणि पाण्यात वीज वाहून नेणारे क्षार असले की कोणतेही चांगले पाणी तसेच तपकिरी होते.

उपायांत तुरटी आणि ब्लीचिंग पावडर जडपणासाठी निरुपयोगी आहेत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, ब्लीचिंगने जंतू मरतात. मिठावर चालणारे सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देते. अंघोळ-धुण्याला ते उत्तम, पण उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते पाणी पिऊ नये आणि यंत्र धुतलेले खारे पाणी झाडांना घालू नये. आरओ पाणी हलके करते, पण घरगुती यंत्रात आत जाणाऱ्या पाण्यातले निम्म्याहून अधिक बाहेर टाकले जाते. टंचाईच्या गावात ते लादी पुसायला आणि शौचालयाला वापरलेच पाहिजे. बसलेला थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने सुटतो. शौचालयाचे अ‍ॅसिड तोटीचा मुलामा आणि फरशीच्या फटींतील सिमेंट खाते. ते ब्लीचिंग पावडरीत मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

सर्वांत स्वस्त हलके पाणी छतावर पडते. शंभर चौरस मीटर गच्चीवर ६०० मिलिमीटर पावसात साठ हजार लिटर पाणी येते. पहिल्या सरी वाहून जाऊ देऊन त्याचा काही भाग हौदात धरला तर डाळ, चहा आणि गीझर यांची बरीच सोय होते. उरलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडल्यास आसपासचे खालचे पाणी काही काळ पातळ होते.