लाल समुद्रात केबल तुटली, तर बुलढाण्यात नेट का अडखळतं?

परदेशातलं इंटरनेट सॅटेलाइटवरून येतं, असं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मला अजूनही बरेच जण सांगतात. प्रत्यक्षात खंडाखंडांतला 95 टक्क्यांहून जास्त डेटा समुद्रतळावरच्या फायबर केबलमधून जातो. इथून युरोपला निघालेला डेटा आधी जमिनीवरच्या फायबरने सहसा मुंबईला पोचतो आणि तिथे समुद्रात उतरतो.

केबलमधल्या काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगाने धावतो. वाटेत तो क्षीण होतो, म्हणून साधारण दर 60 ते 100 किलोमीटरवर त्याला जोर देणारे रिपीटर बसवतात.

सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या. भारतात नेट मंदावलं, पण बंद पडलं नाही, कारण डेटा लांबच्या वाटेने वळवता आला. टोंगा या बेटांच्या देशाला मात्र जगाशी जोडणारी एकच केबल होती. जानेवारी 2022 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात ती तुटली आणि जोडायला सुमारे पाच आठवडे लागले.

तुमचं नेट अडखळलं, तर आधी यूट्यूब लावून बघा. त्याचे लोकप्रिय व्हिडिओ बहुतेक वेळा भारतातल्याच सर्व्हरवरून येतात. तेही अडकत असतील, तर बिघाड समुद्रात नाही, बहुधा जवळपासच आहे.