शिथिलीकरण आणि मेंदूतील विद्युत् तरंग

शिथिलीकरण म्हणजे स्नायूंचा ताण आणि मनाची धावपळ जाणीवपूर्वक कमी करण्याची क्रिया होय. शवासन, योगनिद्रा, ध्यान, क्रमशः स्नायू सैल सोडण्याची पद्धत ही तिची परिचित रूपे आहेत. या वेळी मेंदूच्या विद्युत् क्रियेत होणारे बदल विद्युत् मस्तिष्कालेखन (ईईजी) या तंत्राने नोंदता येतात. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात ‘अल्फा’ तरंग ठळकपणे दिसतात. त्यावरून ‘अल्फा म्हणजे मनःशांती’ असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात तरंग ही चेतनेच्या अवस्थेची केवळ एक खूण आहे. एकाच प्रकारचा तरंग अगदी भिन्न अवस्थांतही आढळतो.

== तरंगांचे स्वरूप व प्रकार ==

मेंदूच्या बाह्य थरातील असंख्य चेतापेशी एका लयीत कार्य करू लागल्या की त्यांच्या विद्युत् क्रियेची बेरीज डोक्याच्या त्वचेवर मोजता येते. हा विद्युत् दाब अत्यल्प, म्हणजे मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतका असतो. दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवरून (हर्ट्झ) तरंगांचे पुढील प्रकार मानतात. त्यांच्या सीमा ग्रंथागणिक थोड्या बदलतात.

* डेल्टा (सुमारे ०.५ ते ४ हर्ट्झ) : गाढ झोपेत प्रामुख्याने आढळतात.
* थीटा (४ ते ८ हर्ट्झ) : पेंग येताना व हलक्या झोपेत दिसतात, काही ध्यानप्रकारांतही वाढतात.
* अल्फा (८ ते १३ हर्ट्झ) : जागेपणी डोळे मिटून स्वस्थ असताना, विशेषतः डोक्याच्या मागील भागात दिसतात.
* बीटा (१३ ते ३० हर्ट्झ) : डोळे उघडे असताना, विचार वा काम चालू असताना आढळतात.
* गॅमा (३० हर्ट्झपेक्षा अधिक) : एकाग्रता व आकलनाशी संबंधित मानले जातात, मात्र स्नायूंच्या विद्युत् क्रियेची त्यात सहज भेसळ होते.

कोणत्याही क्षणी मेंदूत एकच तरंग नसतो. सर्व प्रकार कमी-अधिक प्रमाणात एकत्र असतात. त्यामुळे ‘मेंदू अल्फात गेला’ हा बोलण्यातला सोपेपणा आहे.

== इतिहास ==

इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत् प्रवाहांची नोंद केली. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला विद्युत् आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे उघडताच अल्फा लय मावळते, हेही त्यांनी दाखविले. या घटनेस अल्फा-अवरोध म्हणतात.

याच काळात शिथिलीकरणाच्या पद्धतींना शास्त्रीय रूप येत होते. अमेरिकेतील एडमंड जेकबसन यांचा क्रमशः स्नायू-शिथिलीकरणावरील ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगक्रियांचा प्रायोगिक अभ्यास सुरू केला. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. पुढे बिहारमधील मुंगेर येथील स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी योगनिद्रेची आजची प्रचलित पद्धत घडविली. तीत आडवे पडून संकल्प करणे, एकेका अवयवावरून मन फिरविणे, श्वासाकडे लक्ष देणे व कल्पनाचित्रे पाहणे असा क्रम असतो.

== भारतीय परंपरेतील अवस्था ==

मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. काही आधुनिक लेखक त्यांची बीटा, थीटा, डेल्टा इत्यादींशी जोडी लावतात. ही जोडी उपनिषदातील नाही आणि प्रयोगांशीही ती पूर्णपणे जुळत नाही. स्वप्ने बहुधा ज्या झोपेत पडतात, त्या झोपेतील आलेख जागेपणाच्या आलेखासारखा दिसतो. पातंजल योगसूत्रांत निद्रा ही चित्ताची एक वृत्ती मानली आहे. म्हणून त्या दृष्टीने झोप व समाधी एक नव्हेत. हठयोगप्रदीपिकेत शवासन हे थकवा घालविणारे व चित्ताला विश्रांती देणारे आसन म्हणून येते.

== साधकांवरील प्रयोग ==

नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीत असताना त्यांचे अल्फा तरंग टिकून राहिले व बाहेरील उद्दीपनांनी ते मोडले नाहीत. याउलट जपानमधील कासामात्सु व हिराई यांना १९६६ मध्ये झेन साधकांत वेगळे चित्र दिसले. त्यांच्याजवळ पुन्हा पुन्हा ‘टक्’ असा आवाज केला असता प्रत्येक वेळी अल्फा क्षणभर मोडत असे. आवाजाची सवय होत नसे. दोन्ही गटांत अल्फा ठळक होते. तरीही एकाचा मेंदू बाहेरील जगाला प्रतिसाद देत नव्हता, तर दुसऱ्याचा प्रत्येक वेळी नव्याने देत होता. हे प्रयोग मोजक्या व्यक्तींवर झाले होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

ध्यान व झोप यांची सरमिसळही होते. १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पगानो व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अनुभवी ध्यानकर्त्यांचा बराचसा वेळ झोपेच्या निरनिराळ्या टप्प्यांत गेल्याचे आढळले.

== अल्फा-प्रशिक्षण व मर्यादा ==

१९६० च्या दशकात अमेरिकेतील जो कामिया यांनी आपले अल्फा तरंग ओळखण्यास व वाढविण्यास माणूस शिकू शकतो असे दाखविले. त्यातून अल्फा वाढविणाऱ्या यंत्रांची लाट आली. मात्र १९७४ मध्ये ओर्न व पास्केविट्झ यांच्या प्रयोगात विजेच्या धक्क्याच्या भीतीने घाबरलेल्या व्यक्तींचे अल्फा तरंग घटले नाहीत. म्हणजे अल्फा आणि भीती एकत्र नांदू शकतात. काही बेशुद्ध रुग्णांतही अल्फाच्या वारंवारितेचे तरंग दिसतात. त्यास ‘अल्फा कोमा’ म्हणतात. उलट काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच क्षीण असतो. त्यावरून त्यांना शांती लाभत नाही असे म्हणता येत नाही.

दोन कानांत किंचित भिन्न वारंवारितेचे स्वर ऐकवून मेंदूची लय बदलता येते, असाही दावा केला जातो. उदाहरणार्थ, २०० व २१० हर्ट्झचे स्वर ऐकविल्यास १० हर्ट्झचे स्पंदन जाणवते. त्याने मेंदूचे तरंग खात्रीने बदलतात, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

== उपयोग व दक्षता ==

शिथिलीकरणाचा लाभ तरंगांच्या मोजणीवर अवलंबून नाही. श्वास व नाडी मंदावणे, स्नायू सैल होणे, चिंता कमी वाटणे ही त्याची साधी लक्षणे यंत्राविना कळतात. काही व्यक्तींना मात्र डोळे मिटून स्वस्थ पडताच अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा सराव थांबवावा. लुकलुकणाऱ्या प्रकाशाची उपकरणे अपस्माराच्या काही रुग्णांत झटका आणू शकतात. योगनिद्रेच्या ध्वनिफिती वाहन चालविताना ऐकू नयेत. निद्रानाश, नैराश्य वा अपस्मार यांवर चालू असलेले वैद्यकीय उपचार शिथिलीकरणाच्या भरवशावर बंद करू नयेत.