उसनी वीज

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा किल्ला, एखादी लढाई किंवा निदान एखादा ताम्रपट असावा. मी त्यांना मोटारीच्या बॅटरीचा इतिहास पाठवीत आहे. मी पेशाने शाळामास्तर, सवडीने कादंबरीकार. माझे विज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापाशी थांबलेले. तेव्हा हा उद्योग मी आपण होऊन केला नाही. तो माझ्याकडून मणिबेलीच्या एका सकाळीने करवून घेतला.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे गाव. सरदार सरोवराचे बुडित महाराष्ट्रात पहिल्याने चढले ते याच गावात. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले आणि १९९३ साली घरांत पाणी शिरले, तरी माणसे जागा सोडीनात. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, मोठ्या धरणांना पैसा पुरवणे थांबवा असे जागतिक बँकेला बजावणारा जाहीरनामा निघाला. त्यावर ४४ देशांतल्या ३२६ संस्थांची संमती होती आणि त्याला नाव दिले होते मणिबेलीचे. असे हे गाव एका कादंबरीसाठी पाहावे, म्हणून मी माझी जुनी, दुसऱ्या हाताची मोटार घेऊन तेथे गेलो होतो.

संध्याकाळी पलीकडून एक होडी यायची होती. तीत बायाबापड्या होत्या, आकाशात ढग होते. काठावरच्या निसरड्या उताराला उजेड व्हावा म्हणून मी मोटार पाण्याच्या दिशेने उभी केली आणि पुढचे दोन्ही दिवे लावले. पेट्रोल जळू नये म्हणून इंजिन मात्र बंद ठेवले. शहाणपण म्हणतात ते हेच! होडी आली, माणसे उतरली, कुणी तरी जेवायला चला म्हणाले. भाकरी आणि उडदाची डाळ यांच्या नादात दिवे विझवायचे राहून गेले. जेवणानंतर गप्पा रंगल्या आणि मी दूरच्या पाड्यावरच झोपलो.

पहाटे एक आजी दारात उभी. नातवाला रात्रीपासून ताप, अंग भाजते आहे, मधूनमधून बरळतो आहे. "गुरुजी, तुमची गाडी हाय ना? मोलगीला दवाखान्यात न्या." मी धावतच उतारावर आलो, किल्ली फिरवली. इंजिनातून 'टक्' एवढा एक आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. मग तोही बंद झाला.

येथे हिशेब सांगतो, कारण चूक माझी असली तरी गणित सर्वांच्या उपयोगाचे आहे. मोटारीचा पुढचा एक दिवा ५५ वॅटचा. दोन मिळून ११०. बारा व्होल्टांनी भागले तर नऊ अँपियरांहून थोडे जास्त. लहान मोटारीची बॅटरी ४० अँपियर-तासांच्या आसपासची असते. म्हणजे नवी, पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा चार-साडेचार तासांत तळाला जाणार. माझी तर म्हातारी होती. छताचा पाच वॅटचा दिवा राहिला असता तर तिने चार दिवस तग धरला असता.

जमलेल्या मंडळींनी धक्का मारून पाहू म्हटले. धक्क्याने मोटार चालू होते हे खरे. पण माझ्या मोटारीच्या मागे चढ होता आणि पुढे नर्मदा. पुढे धक्का मारला असता तर मोटार नर्मदार्पण झाली असती, मागे ढकलावी तर ती जागची हलेना. मला त्या क्षणी वडिलांची आठवण झाली. ते सांगत, आमच्या वेळी बॅटरी मेली तरी कुणाचे अडत नसे. ट्रकचा क्लीनर पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालायचा आणि दोन फेऱ्यांत इंजिन बोलू लागायचे.

हँडलचा तो काळ मात्र वडील सांगत तितका सोन्याचा नव्हता. इंजिनाने वेळेआधी उसळी घेतली की हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर नवशिक्याला पहिला धडा देत तो अंगठ्याचा: अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड याचा एक स्नेही अशाच तडाख्याने जखमी होऊन दगावला आणि त्या दुःखातून लेलँडने हँडल घालवण्याचा ध्यास घेतला, अशी हकिगत सांगतात. हकिगत किती खरी ते असो. काम केले चार्ल्स केटरिंग याने. हा गृहस्थ आधी ओहायोतल्या खेड्यात शाळामास्तर होता, हे वाचून माझी छाती वीतभर फुगली. पुढे त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली. त्या कामातून त्याला उमगले की, जी मोटर क्षणभरच जोर लावायची आहे ती लहान असली तरी चालते. तोच विचार त्याने मोटारीला लावला आणि १९१२ सालची कॅडिलॅक हँडलाशिवाय, किल्लीच्या नव्हे पण विजेच्या जोरावर सुरू होऊ लागली.

हा क्षणभराचा जोर यायचा कोठून? तो पुरवणारी वस्तू आधीच तयार होती. व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली खरी, पण तिच्यातली वीज संपली की संपली. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे मध्ये अंतर राखून गुंडाळले, विरल गंधकाम्लात बुडवले आणि असा घट केला की जो रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येतो. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन त्याची साठवण वाढवली. आजही पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक मोटारींत तीच शिसे-आम्लाची बॅटरी असते. तिच्यात सहा घट, प्रत्येकी दोन व्होल्टांहून किंचित जास्त. सारे मिळून पूर्ण भरलेल्या बॅटरीचे साडेबारांच्या थोडे वर. बारावर आली की ती पाऊणभर रिकामी झाली असे समजावे. तशीच बरेच दिवस पडू दिली तर पट्ट्यांवर पांढरे कठीण स्फटिक धरतात आणि मग ती कितीही भरा, पूर्वीसारखी होत नाही. उपाशी माणसासारखेच तिचे आहे. फार काळ उपाशी ठेवले की पुढे अन्न पचत नाही.

आपल्याकडे मोटारी मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आल्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याला मोटारी होऊ लागल्या. महायुद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला घेतली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी निघाली. किल्लीने सुरू होणाऱ्या जीपला आणि अँबॅसडरला हँडलचे भोक मात्र कित्येक वर्षे होते. पुढे तेही गेले. मनगटे वाचली, पण त्या दिवसापासून बॅटरी मेली की माणसाला दुसऱ्याच्या दारात जावे लागू लागले. आपल्या बळावर चालणारे हँडल गेले आणि त्याच्या जागी आली उसनवारीची दोन तारांची जोडी.

ती जोडी माझ्या डिकीत होती, हे मी मोठ्या ऐटीने सांगितले. तेवढ्यात चढावर एक प्रवासी जीप आली. चालवणारा पंचविशीतला पोरगा होता. त्याने जीप शेजारी लावली, दोन्ही गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत एवढे अंतर राखून. मी शहरातल्या पदपथावर घेतलेल्या तारा काढल्या. लाल-काळ्या, अंगठ्याएवढ्या जाड. जोडल्या, किल्ली फिरवली. 'टक्'. तार हाताला चटका देऊ लागली आणि रबराचा वास सुटला. पोराने चिमट्याजवळचे रबर नखाने सोलून मला आतली तार दाखवली. "गुरुजी, हे बघा. जाडी सगळी कपड्यांची. आत माणूसच नाही!"

त्याचे हे एक वाक्य म्हणजे तारा निवडण्याचे सगळे शास्त्र आहे. स्टार्टरला क्षणभर का होईना, दीडशे अँपियर लागतात. घरातल्या मोठ्या प्लगच्या नऊ-दहापट. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध एका ओहमच्या सुमारे सतरा सहस्रांश. तीन मीटर जायची, तीन मीटर यायची, अशी सहा मीटर तार. आतले तांबे चार चौरस मिलिमीटरचे असेल, तर दीडशे अँपियरांना बारांपैकी जवळजवळ चार व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सोळाचे असेल तर एकच व्होल्ट जातो. म्हणून लहान मोटारीला सोळा, डिझेलच्या गाडीला पंचवीस किंवा अधिक, हे ध्यानात ठेवावे आणि वेष्टन न पाहता छापलेला आकडा पाहावा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असेही विकतात. ते घ्यायचेच तर दीडपटीहून जास्त जाड हवे. चिमट्याची पकड घट्ट, दात धातूचे आणि दोन्ही जबडे तारेला जोडलेले असावेत.

त्या पोराच्या तारा बाजारच्या नव्हत्याच. वेल्डिंगची पस्तीस चौरस मिलिमीटरची केबल कापून त्याने चिमटे बसवले होते. वाटेत अर्धा व्होल्टसुद्धा सांडणार नाही अशी. त्याने लाल तार आधी माझ्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावली, मग तिचे दुसरे टोक जीपच्या अधिकाला. काळी तार जीपच्या उण्याला. राहिलेले चौथे टोक मी माझ्या बॅटरीच्या उण्याला लावायला गेलो, तर त्याने माझा हात धरला आणि ते दूर इंजिनाच्या एका उघड्या बोल्टला चिमटले. "शेवटच्या जोडाला ठिणगी उडते. बॅटरीतून वायू निघतो. माझ्या चुलत्याचा डोळा जाता जाता राहिला."

तो वायू हायड्रोजन. भरताना पाणी फुटून तो निघतो, जोडीला ऑक्सिजन असतोच. त्यावर ठिणगी पडली की बॅटरी आम्लासकट फुटते. त्यामुळे क्रम चुकवायचा नाही, काढताना तोच क्रम उलटा करायचा, आणि फुगलेल्या वा चिरलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही. आम्ल अंगावर उडालेच तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डोळ्यात गेले तर धुऊन थेट डॉक्टर गाठावा. नव्या गाड्यांच्या पुस्तकात जोडण्याच्या जागा दिलेल्या असतात, त्या पाहाव्यात. आणखी एक. रस्त्यात एखादा ट्रकवाला मोठ्या मनाने मदतीला आला, तरी आधी त्याचे व्होल्ट विचारावे. पुष्कळ ट्रकांत आणि बसगाड्यांत चोवीस व्होल्ट असतात. ते बाराच्या मोटारीला दिले तर उपकाराचा अपकार होतो.

जीप पाच मिनिटे चालू ठेवली. मग मी किल्ली फिरवली आणि मोटार अशी गुरगुरली की उतारावरची पोरे ओरडली. आजी नातवाला पोटाशी धरून मागे बसली. मोलगीला पोहोचेपर्यंत मी इंजिन बंद होऊ दिले नाही. पोराला मलेरिया निघाला. वेळेवर औषध मिळाले आणि आठवड्याने तो पुन्हा होडीत उड्या मारीत होता.

निघण्यापूर्वी मी त्या जीपवाल्याला पैसे देऊ केले होते. तो हसून म्हणाला, "माझं काय गेलं? चढ चढेपर्यंत माझी बॅटरी परत भरते." तेही शास्त्र खरेच आहे. इंजिन चालू झाले की त्यावरचा आल्टरनेटर दिलेली वीज थोड्याच वेळात भरून काढतो. या उसनवारीत घेणारा उठून उभा राहतो आणि देणाऱ्याचे काही उणे होत नाही.

परतताना धरणाची भिंत दिसली. तिच्या पायथ्याच्या आणि कालव्याच्या वीजघरांची शक्ती मिळून १,४५० मेगावॅट. त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. माझ्या गावच्या शाळेतला पंखा फिरतो त्यात त्या वाट्याचा काही अंश असणारच. आदल्या रात्री मी जेवलो त्या घराचे जुने जोते पाण्याखाली आहे आणि घरात सौर दिव्याची लहानशी बॅटरी आहे. घरधनी तिला फार जपतो. दिवा मंदावायच्या आत विझवतो. मी चार तास दिवे जाळून बॅटरी मारली, हे ऐकून तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

जीपवाल्याची बॅटरी चढ संपेपर्यंत भरली. मणिबेलीने जे दिले ते भरून काढणारा आल्टरनेटर कोणत्याही चढावर नाही. तेथे घेणाऱ्यानेच फेडायचे असते आणि ते अजून पुरते फेडले गेलेले नाही.

मी आता वेल्डिंगची केबल घेऊन चिमटे बसवून घेतले आहेत. रस्त्यात कुणाची मोटार बंद दिसली की थांबतो. तेवढे माझ्या हातचे आहे. या दिवाळीत दारातला शेवटचा दिवा लावताना मात्र तो घरधनी डोळ्यांसमोर येईल, आणि त्याच्या त्या नुसत्या पाहण्याला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही.