तंटा मिटवायचा कुठं?

भांडण नसलेली सोसायटी मी अजून पाहिली नाही. भांडण होणारच; ते मिटवायचं कुठं, हा खरा प्रश्न. आपल्या भागात त्याचा इतिहास जुना आहे.

मराठेशाहीत वतनाचा, बांधाचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे वतनदार एकत्र बसत, साक्षी घेत आणि निवाडा महजर म्हणून लिहून ठेवत. लिहिता न येणारे निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगर. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटतं. कागद नाही, तर व्यवहार नाही. पुढे इंग्रजी कोर्टांत खर्च नि तारखा वाढल्या, तेव्हा १८७० च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेनं लवाद कोर्टं काढली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे 'सार्वजनिक काका', त्यात पुढे होते.

पण जुनं ते सगळंच सोनं नव्हे. मार्च १९३० मध्ये नाशकात काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्या रामनवमीला तडजोड ठरली, की दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा. ती पाळली गेली नाही, मारामारी झाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. आंबेडकरांनी आपल्या येवल्यातच धर्मांतराची घोषणा केली. एका बाजूला बरोबरीची मानायचंच नसेल, तर ती कसली तडजोड? येवलेकरांनी तरी हे विसरू नये.

१५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. ग्रामसभेनं समिती निवडायची, गावातले तंटे गावातच मिटवायचे. ती योजना खेड्यांसाठी. आपण पडलो नगरपालिका हद्दीत.

नोकरीत असताना थकीत कर्जांची प्रकरणं घेऊन मी लोकअदालतीत बसलो आहे. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का, त्यावर अपील नाही. पण बघा, कर्जदार सूट मागायच्या आधी म्हणायचा, "साहेब, माझं आधी ऐकून तर घ्या." ऐकून घेतलं की निम्मं काम व्हायचं.

२०२३ च्या मध्यस्थता कायद्यात रहिवाशांमधल्या वादांसाठी तीन मध्यस्थांची तरतूद आहे. दोन्ही पक्षांची आधी संमती हवी. तिथला समझोता मात्र हुकूमनामा ठरत नाही. तो शब्दावरच चालतो.

म्हणून एक सुचवतो. वरच्या मजल्याची गळती, पार्किंग, रात्रीचा टीव्ही यांसाठी आपणही तिघांची समिती नेमावी. त्यात एक तरी भगिनी असावी, आणि तिन्ही जण कमिटीबाहेरचे असावेत. ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. नाहीच जमलं, तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहेच. आणि घरातली मारहाण हा समितीचा विषय नव्हे; तिथं पोलीसच.

कोर्टात एक जिंकतो, एक हरतो. आपल्याला मात्र उद्या त्याच जिन्यात भेटायचं असतं.