एका टिंबाची गोष्ट

आमच्या आजोबांची एक वही आहे, १९३८ सालची. रोजच्या रोज दोन-चार ओळी लिहायचा त्यांचा परिपाठ. यंदा दिवाळीला ती छापून भावंडांना वाटावी, म्हणून मी ती संगणकावर उतरवून घेतली.

वहीतले लेखन जुन्या वळणाचे. ‘केलें’, ‘गेलें’, ‘तें’, जागोजाग अनुस्वार! मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबे काढून टाकली. नातवंडांना वाचणे सोपे जावे म्हणून मीही तेच करायचे ठरवले. संगणकात ‘शोधा आणि बदला’ ही सोय असतेच. ‘लें’च्या जागी ‘ले’, ‘तें’च्या जागी ‘ते’ असे सांगून ‘सगळे बदला’वर बोट ठेवले. क्षणात वहीभरची टिंबे पुसली गेली.

ही सोय तशी जुनीच. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी मजकूर दुरुस्त करण्याचा ‘ईडी’ नावाचा कार्यक्रम रचला. त्यात ‘एस’ या अक्षराच्या आज्ञेने जुना शब्द जाऊन नवा येई; शेवटी ‘जी’ जोडला की ओळीतला तसा प्रत्येक शब्द बदले. यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ पाहत नाही. म्हणून माझ्या प्रतीत ‘क्यालेंडर’चे ‘क्यालेडर’ झाले. त्यावर आम्ही पोट धरून हसलो.

पण मुद्रिते वाचताना धाकटी बहीण म्हणाली, ‘‘दादा, श्रावणात ‘पहाटे ते गेले’ असं आहे. आपल्याकडचं कोण वडीलधारं वारलं होतं रे?’’

मी मूळ वही उघडली. ‘पहाटे तें गेलें.’ दोन्ही शब्दांवर टिंब. म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन! वडीलधारे कोणी नव्हे, लेकरू.

नव्वदीच्या आत्याला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘तुझ्या बापाच्या आधीचं होतं एक. आई त्याचा विषय काढू देत नसे.’’

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रती ताडून पाहून. मीही मग वही शेजारी घेऊन एकेक ओळ ताडत बसलो आणि आजोबांचे लेखन होते तसेच ठेवले. शेवटी जोडलेल्या वंशावळीत मात्र एक जागा वाढली. नाव आत्यालाही ठाऊक नाही. तिथे ‘तें’ एवढेच छापले आहे, टिंबासकट.