शॉकअपमधलं तेल

परवा बाबांच्या आरएक्स १०० च्या पुढच्या शॉकअपची ऑइल सीलं घरीच बदलली. गळती थांबली, पण पहिल्याच स्पीडब्रेकरवर हँडल चार-पाचदा वरखाली झालं. पुढचं चाक असं उसळत राहिलं तर ब्रेक काय लागणार? आणि मागे बाबा बसलेले!

कारण शोधताशोधता थेट १९०८ मध्ये पोचलो. तेव्हा इंग्लंडच्या स्कॉट मोटरसायकलला टेलिस्कोपिक फोर्क होता, म्हणजे नळीत सरकणारी नळी. आत नुसती स्प्रिंग. स्प्रिंग दणका साठवते आणि परत करते, जिरवत नाही. जिरवतं ते तेल: बारीक भोकांतून ढकललं जाताना तापतं आणि धक्का खाऊन टाकतं. असा तेलाचा फोर्क घेऊन कारखान्यातून निघालेली पहिली गाडी बीएमडब्ल्यूची आर १२, साल १९३५. तब्बल २७ वर्षं गेली मधे!

म्हणजे सील नुसता राखणदार. मी तेल अंदाजपंचे ओतलं होतं (आम्ही सॉफ्टवेअरवाले, मॅन्युअल शेवटी उघडणार). मग मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल दोन्ही नळ्यांत मोजून सारखं भरलं.

बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "आधी तू एकटा चक्कर मारून ये."