परिचारिकेचा दूरध्वनी आणि रुग्णाची गोपनीयता : एक ऐतिहासिक आढावा

रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाची दूरध्वनीवरून विचारपूस करणे हा आज शुश्रूषेचा भाग मानला जातो. या प्रथेतून उद्भवलेल्या गोपनीयतेच्या प्रश्नाचा अमेरिकेच्या संदर्भात आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इ. स. १८९३ मध्ये डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने 'नाइटिंगेल प्रतिज्ञा' तयार झाली. रुग्णाच्या खाजगी बाबींबरोबरच त्याच्या कौटुंबिक गोष्टींविषयीही मौन पाळण्याचे वचन तीत होते. त्याच वर्षी लिलियन वॉल्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये गृहभेटींच्या शुश्रूषेस प्रारंभ केला. घरी जाणाऱ्या परिचारिकेस खोलीत कोण आहे हे दिसत असे. त्यानुसार काय बोलावे, हे तिला ठरवता येई. दूरध्वनीने ही दृष्टी हिरावून घेतली. पलीकडे रुग्ण आहे, नातेवाईक आहे की केवळ ध्वनिमुद्रण यंत्र, याची खात्री राहिली नाही.

हा प्रश्न पुढे कायद्याच्या कक्षेत आला. १९९६ च्या 'हिपा' कायद्यान्वये तयार झालेल्या गोपनीयता नियमांचे पालन बहुतेक संस्थांना १४ एप्रिल २००३ पासून बंधनकारक झाले. या नियमांनी दूरध्वनीस मनाई केली नाही. यंत्रावर निरोप ठेवता येतो, मात्र त्यात माहिती मर्यादित असावी, असे शासकीय मार्गदर्शन आहे. पर्यायी क्रमांकावर वा पत्त्यावर संपर्क साधण्याची रुग्णाची वाजवी विनंती कारण न विचारता मान्य करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. घरातच छळ सोसणाऱ्या किंवा आजार कुटुंबापासून लपवू इच्छिणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल मोठे आहे.

ऑक्टोबर २०१२ पासून, ठराविक आजारांचे रुग्ण अपेक्षेहून अधिक प्रमाणात तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाल्यास 'मेडिकेअर' योजनेकडून रुग्णालयास मिळणारी रक्कम कमी होऊ लागली. त्यामुळे अशा दूरध्वनींना आर्थिक प्रयोजनही लाभले. काळजी आणि हिशेब एकाच संभाषणात एकत्र आले.

सारांश, गोपनीयतेचा आधार व्यक्तीच्या शपथेकडून संस्थेच्या नियमाकडे सरकला. तथापि नियम निरोपाची मर्यादा सांगतो. पलीकडच्या आवाजातील संकोच ओळखून बोलणे आवरते घेण्याचे काम मात्र आजही परिचारिकेच्या विवेकावरच सोपवलेले आहे. म्हणून संपर्काचा क्रमांक, सोयीची वेळ आणि कोणाशी बोलावे, हे रुग्णास घरी सोडण्यापूर्वीच विचारून नोंदवणे अगत्याचे ठरते.